निवृत्त सैनिकाचा औषधोपचार : हक्क आणि वहिवाट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे विद्यालय दरवर्षी एक व्याख्यान योजते, त्यांना स्वतःची स्तुती ऐकवत नसे. तेव्हा त्यांच्याविषयी मी एवढेच सांगतो की, येथून सैन्यात गेलेल्या मुलांची आंतर्देशीय पत्रे निरक्षर आईबापांना वाचून दाखवणे आणि त्यांच्या वतीने उत्तर लिहून देणे हे काम त्यांनी अनेक वर्षे विनातक्रार केले. मंडळाचे निमंत्रण आले तेव्हा, मराठीचा प्राध्यापक म्हणून मी संतसाहित्यावर किंवा गोमंतकीय नाटकावर बोलेन अशी अपेक्षा असावी. विषयाचे नाव कळवले तेव्हा चिटणीसांनी दूरध्वनी करून ते दोनदा विचारून घेतले. त्यांचे आश्चर्य मी समजू शकतो.

कारण साधे आहे. निवृत्तीनंतरच्या गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी जे सैन्यातून निवृत्त झाले, ते कवितेविषयी फारसे बोलत नाहीत. ते पिशवीतून कागद काढतात. "सर, ह्यात काय लिहिलंय ते जरा बघा," असे म्हणतात. ते कागद इंग्रजीत असतात, क्वचित हिंदीत, आणि बहुतेक औषधोपचाराचे असतात. ते वाचता वाचता मला या विषयाची जी ओळख झाली, ती आपल्यापुढे ठेवावी असे वाटले. मी वैद्य नाही आणि सैनिकही नाही. भाषेच्या वाटेने जेवढे कळते तेवढेच मी बोलणार आहे.

सैनिकाच्या जखमेचे मोल राज्याने द्यावे, ही कल्पना आपल्याकडे परकीयांनी आणलेली नाही. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिली गेली. अफजलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी काय केले हे सांगताना सभासद जखमी लोकांचा वेगळा उल्लेख करतो. जखम पाहून, कमीअधिक प्रमाणात, होन दिले गेले. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले आणि ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू ठेवले, असे तो नोंदवतो. पुढे पेशवाईच्या दप्तरात 'बालपरवेशी' हा शब्द वारंवार भेटतो. लढाईत कामी आलेल्याच्या लेकरांच्या पालनपोषणासाठी जे उत्पन्न लावून दिले जाई, त्याला हे नाव होते. शब्द फारसी वळणाचा आहे, पण त्यातला जिव्हाळा आपला आहे. आज आपण त्याला 'फॅमिली पेन्शन' म्हणतो आणि तो शब्द कोशात पडून राहिला आहे. पण या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट स्पष्ट होती. जखम पाहणारा आणि होन देणारा, दोघेही एकाच सरकारचे होते. त्यांच्यामध्ये तिसरा कोणी नव्हता. आजच्या व्यवस्थेत तो तिसरा आहे, आणि माझे आजचे बोलणे मुख्यतः त्याच्याभोवतीच आहे.

पेडणे आणि डिचोली हे आपले दोन तालुके अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत पोर्तुगिजांकडे गेले. नव्या काबिजादी म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख भाषेने, देवळांनी आणि सोयरिकींनी सावंतवाडीशी बांधलेला राहिला. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याची एक तुकडी दोडामार्गावरून अस्नोड्याकडे उतरली, त्या वाटेच्या आसपासची गावे म्हणजे आपलीच गावे. मुक्तीनंतर येथल्या मुलांना भारतीय सैन्याचे दार खुले झाले. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे. साखळीहून चोर्ला घाट चढला की बेळगाव दूर नाही. माझ्या वर्गातून बारावीनंतर, कधी बारावीच्याही आधी, मुले तिकडे गेली. काही नौदलात गेली, काही सिग्नल्समध्ये. त्यांतले काही १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत होते, काही सियाचिनच्या बर्फात राहून आले, काही १९९९ साली कारगिलच्या बाजूस होते. पस्तिशी-चाळिशीत ही मुले निवृत्त होऊन परत आली. सैन्यातला शिपाई इतर सरकारी नोकरांहून वीस वर्षे आधी निवृत्त होतो, ही गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. त्याचे निवृत्त आयुष्य त्याच्या नोकरीपेक्षा दीर्घ असते, आणि आजारपण येते ते त्या दीर्घ भागात.

२००३ पूर्वी या माणसाच्या औषधोपचाराची व्यवस्था तुटपुंजी होती. सैनिकी रुग्णालयात जागा असेल तर त्याला पाहत असत. परंतु सैनिकी रुग्णालय हे प्रथम सेवेतील जवानांसाठी असते. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार असले मोठे दुखणे आले की घर विकण्याची पाळी येई. निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९५४ साली सुरू झालेली केंद्र सरकारची आरोग्य योजना होती. तशी व्यापक योजना माजी सैनिकांना नव्हती. ती केंद्र सरकारने ३० डिसेंबर २००२ च्या आदेशाने मंजूर केली आणि १ एप्रिल २००३ पासून ती सुरू झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'ईसीएचएस' म्हणतात. पेडण्यातल्या म्हाताऱ्या आयाबायाही आता 'ईसीएचेसचे कार्ड' असेच म्हणतात आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

तिचे अधिकृत हिंदी नाव मात्र थांबून वाचण्यासारखे आहे. 'भूतपूर्व सैनिक अंशदायी स्वास्थ्य योजना.' यातला 'अंशदायी' हा शब्द माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हता. अंश म्हणजे वाटा, आणि तो देणारा तो अंशदायी. आपल्या बोलीत सांगायचे तर ही वर्गणीची योजना आहे. २००३ मध्ये निवृत्तिवेतनाच्या प्रमाणात ही एकदाच भरायची वर्गणी १,८०० रुपयांपासून १८,००० रुपयांपर्यंत होती. २०१७ च्या अखेरीपासून ती शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरपर्यंत ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये अशी झाली. जे १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झाले त्यांना, आणि युद्धात पती गमावलेल्या विधवांना, ती माफ आहे. शिवाय सदस्य झालेल्याला दरमहा मिळणारा ठरावीक वैद्यकीय भत्ता सामान्यतः सोडावा लागतो. म्हणजे सैनिक आपला वाटा देऊन बसलेला असतो. वाटा देणारा मनुष्य दारात उभा राहतो तेव्हा तो याचक नसतो. परंतु आपल्याकडे सर्रास 'फुकट औषधे मिळतात' असेच बोलले जाते. शेजारी बोलतात, रुग्णालयातला कारकून बोलतो, आणि दुःखाची गोष्ट ही की खुद्द सैनिकही तसेच बोलतो. एका निवृत्त नायकाने मला सांगितले, "सर, फुकटात मिळतंय, मग जास्त विचारायचं कसं?" त्याच्या निवृत्तीच्या रकमेतून वर्गणी कापली गेली होती, हे त्याच्याच कागदावर मी त्याला दाखवले. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला.

आता योजनेची रचना. सरकारने या योजनेसाठी नवी मोठी रुग्णालये बांधली नाहीत. देशभर प्रथम २२७ पॉलिक्लिनिके मंजूर केली, २०१० साली आणखी सुमारे दोनशे केली, आणि मोठ्या उपचारांसाठी खाजगी रुग्णालयांशी करार केले. या रुग्णालयांना 'एम्पॅनेल्ड' म्हणतात. मी 'यादीतले रुग्णालय' असे म्हणेन, कारण आपल्या लोकांनी हा शब्द आपोआपच घडवला आहे. दुखणे आले की प्रथम पॉलिक्लिनिकात जायचे. तेथला डॉक्टर औषध देतो किंवा, त्याच्या आवाक्याबाहेरचे असेल तर, रेफरल म्हणजे शिफारसपत्र देतो. ते घेऊन यादीतल्या रुग्णालयात गेल्यावर रुग्णाने पैसे द्यायचे नाहीत. रुग्णालय बिल संगणकाद्वारे पाठवते, त्याची छाननी होते, आणि ठरलेल्या सरकारी दराने पैसे रुग्णालयाला पोहोचतात. लाभार्थींची संख्या साठ लाखांहून अधिक आहे. खर्चाला कमाल मर्यादा नाही. या एका बाबतीत ती बहुतेक विमा योजनांहून उदार आहे. कागदावर पाहिले तर याहून सुबक व्यवस्था सुचवणे कठीण.

परंतु हा कागद पणजीला किंवा वास्कोला वाचायचा आणि पेडण्यात वाचायचा, यात अंतर पडते. वास्कोला नौदलाचे जीवंती रुग्णालय आहे. सैन्याची ठाणी पणजी, बांबोळी, वास्को, दाबोळी या पट्ट्यात आहेत. खाजगी मोठी रुग्णालयेही म्हापसा, पणजी, मडगाव याच बाजूला. केरी-तेरेखोलचा किंवा इब्रामपूरचा निवृत्त हवालदार सकाळी निघतो. एक बस पेडण्यापर्यंत, दुसरी म्हापशापर्यंत, तिसरी पणजीपर्यंत. शिफारसपत्र मिळाले की दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाट, कारण यादीतल्या रुग्णालयात तज्ज्ञाची वेळ दुसऱ्या दिवशीची. तपासण्या झाल्या की अहवाल घेऊन पुन्हा पॉलिक्लिनिक. महिन्याची औषधे घेण्यासाठी पुन्हा. औषध शिल्लक नसेल तर 'पुढच्या आठवड्यात या'. साळ किंवा लाटंबार्से येथून येणाऱ्याची कथाही हीच, फक्त बस डिचोलीहून सुटते. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडण्याहून दिल्लीला अडीच तासांत जाता येते याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच धावपट्टीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गृहस्थाला रक्तदाबाची गोळी आणण्यासाठी एक पुरा दिवस मोडावा लागतो. (मोपावर टीका करण्याचा माझा हेतू नाही. माझा नातू तेथूनच येतोजातो.)

या खेपांमुळे काय होते, तर साध्या दुखण्यासाठी माणूस जाईनासा होतो. मधुमेहाची औषधे तो गावच्या औषधालयातून, निवृत्तिवेतनातून विकत घेतो, किंवा घेतच नाही. कासारवर्ण्याचे किंवा साखळीचे प्राथमिक आरोग्य केंद्र त्याला जवळ असते, तेथे तो जातो, आणि मोठे काही झाले तर बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. ती संस्था १८४२ पासूनची आहे आणि गोमंतकातल्या गोरगरिबाला तिने कधी परत पाठवले नाही. तेथे आपल्या माणसाचे भलेच होते. परंतु मग वर्गणी भरून मिळवलेला हक्क काय कामाचा, हा प्रश्न उरतोच. ज्याला जवळ पडते त्याला हक्क उपभोगता येतो आणि ज्याला लांब पडते त्याने तो कपाटात ठेवायचा, असे व्हायला नको. जमिनीच्या व्यवहारात आपण म्हणतो की हक्क आहे पण वहिवाट नाही. एक चौदाच्या उताऱ्यावर नाव असते आणि नांगर दुसऱ्याचा चालतो. सैनिकाच्या कार्डाचे आमच्या तालुक्यांत तसे झाले आहे.

आणखी एक घटना सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. पेडणे तालुक्यातल्या एका गावी माझ्या एका विद्यार्थ्याचे घर. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, शेतात काम करणारा, सुदृढ माणूस. पावसाळ्यात एका रात्री त्याच्या छातीत कळ आली. मुलगा आखातात. पत्नी घरात एकटी. शेजाऱ्याने आपली गाडी काढली आणि वाटेत जे पहिले खाजगी रुग्णालय उघडे मिळाले तेथे नेले. ते यादीतले नव्हते. तसे होणे स्वाभाविक होते, कारण मध्यरात्री यादी पाहून गाडी हाकणारा शेजारी मला अजून भेटायचा आहे. योजनेने या प्रसंगाचा विचार केलेला आहे. जीवघेण्या आणीबाणीत यादीबाहेरच्या रुग्णालयात गेले तरी चालते. मात्र ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे लागते, बिल प्रथम स्वतः भरावे लागते, आणि नंतर सरकारी दराने परतावा मागता येतो. त्या माउलीला यातले काही ठाऊक नव्हते. तिने बांगड्या गहाण ठेवून अनामत भरली. पती अतिदक्षता विभागात, बाहेर पाऊस, आणि ही बाई बाकावर बसलेली. तिसऱ्या दिवशी मुलगा आला, चौथ्या दिवशी त्याने कळवले. ४८ तास केव्हाच होऊन गेले होते.

सुभेदार वाचले. पण परताव्याचा अर्ज करताना पहिला प्रश्न आला तो विलंबाचा. विलंब का झाला याचा खुलासा इंग्रजीत लिहायचा होता आणि तो मी लिहून दिला. आयुष्यभर मी निबंध तपासले, पण त्या दहा ओळी लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कोणत्याच लेखनाला लागला नसेल. पती मरणाच्या दारात असताना पत्नीने कार्यालयास का कळवले नाही, याचे समर्थन कोणत्या शब्दांत करायचे? त्रुटीचे पत्र दोनदा आले. एकदा मूळ पावतीवर शिक्का नव्हता, एकदा औषधांच्या चिठ्ठ्यांवर डॉक्टरची सही नव्हती. प्रत्येक वेळी त्या रुग्णालयात जाऊन तो कागद मिळवावा लागला, आणि तेथला माणूस तो देताना उपकार केल्यासारखा देत असे. अखेर पैसे आले, पण सरकारी दराने. प्रत्यक्ष खर्च आणि परतावा यांतला फरक त्यांच्या वर्षभराच्या भातापेक्षा अधिक होता.

या प्रकरणात दोष कोणाचा, असे मला विचारतात. कोणा एकाचा मला तरी सांगता येत नाही. नियम अन्यायकारक नाही, कारण मुदत नसेल तर खोट्या बिलांना ऊत येईल. कारकून दुष्ट नव्हता. परंतु तो नियम त्या बाईच्या भाषेत तिच्या घरापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता. कार्ड मिळाले तेव्हा त्याबरोबर एक इंग्रजी पत्रक होते. ते ट्रंकेत, सुभेदारांच्या पदकांच्या डबीखाली, घडीसुद्धा न मोडता होते. तेव्हा माझे स्पष्ट मत असे की, ज्या नियमाचे पालन न केल्याने माणसाचे नुकसान होते, तो नियम त्याच्या भाषेत देणे हा त्या नियमाचाच भाग मानला पाहिजे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामकाजात वापराची मुभा मिळाली. त्या वादात मी आज शिरणार नाही. ज्यांना शिरायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे. कोकणीत छापा, मराठीत छापा, दोन्हींत छापा, पण छापा. सैन्य आपल्या रेजिमेंटमध्ये जवानाच्या भाषेचा आणि त्याच्या घोषणेचा एवढा आदर करते. निवृत्तीनंतर मात्र त्याच्याशी इंग्रजीत बोलू लागते, हे मला कधी कळले नाही.

आता त्या तिसऱ्याकडे वळतो, म्हणजे खाजगी रुग्णालयाकडे. सभेत खाजगी रुग्णालयांना शिव्या दिल्या की टाळ्या मिळतात. मला त्या टाळ्या नकोत. त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. सरकारी दर २०१४ साली ठरले आणि काही किरकोळ फेरबदल वगळता तेच दर अकरा वर्षे चालले. त्यांत सर्वंकष सुधारणा झाली ती २०२५ च्या ऑक्टोबरात, आणि माजी सैनिकांच्या योजनेस ती त्यानंतर लागू झाली. अकरा वर्षांत परिचारिकेचे वेतन, विजेचे बिल, प्राणवायूची किंमत काय झाली हे आपण जाणता. शिवाय बिले तुंबतात. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ साली या योजनेच्या कामगिरीचा स्वतंत्र अहवाल संसदेस सादर केला. त्यात बिलांच्या छाननीतील दिरंगाई आली, पॉलिक्लिनिकांतील औषधांची व मनुष्यबळाची टंचाई आली, आणि रुग्णालयांनी केलेली जादा आकारणीही आली. दोन्ही पक्षांची उणी बाजू त्यांनी एकाच अहवालात मांडली, हे मला प्रामाणिकपणाचे वाटते. केंद्रीय अर्थसंकल्पातील या योजनेची तरतूद २०२४-२५ साली ६,९६८ कोटी रुपये होती, ती २०२५-२६ साली ८,३१७ कोटी झाली. तरतूद वाढते आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु सरकार आणि रुग्णालय यांच्यातील उधारीचा हिशेब रुग्णाच्या खाटेपाशी येता कामा नये. तो येतो. कार्ड पुढे केले की 'खाट रिकामी नाही' असे उत्तर मिळते आणि रोख भरणाऱ्याला ती मिळते, असे अनुभव मला एकाहून अधिकांनी सांगितले. एका ठिकाणी, नाव घेण्याचे कारण नाही, कार्ड असूनही अनामत मागितली. कराराप्रमाणे ती मागता येत नाही. त्या निवृत्त नायकाने ती मुकाट्याने भरली. मी त्याला विचारले, शत्रूसमोर न डगमगणारा तू, काउंटरवरच्या पोऱ्यापुढे का गप्प राहिलास? तो म्हणाला, "सर, तिथं बायको आत होती."

सरकार उपचाराचे काम दुसऱ्याकडे सोपवू शकते. त्यात मला तत्त्वतः काही गैर वाटत नाही. पेडण्यात सैनिकी रुग्णालय उभे राहील ही आशा मी बाळगत नाही, आणि म्हापशाच्या चांगल्या खाजगी शल्यविशारदाकडे आपला माणूस गेला तर उत्तमच. पण काम सोपवले तरी जबाबदारी सरकारकडेच राहते. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची अवाढव्य रुग्णालये आहेत. २०१४ साली फिनिक्स शहरातील अशा रुग्णालयात प्रतीक्षायाद्या लपवल्याचे उघडकीस आले, मोठा गहजब झाला, मंत्र्याला जावे लागले, आणि सरकारी खर्चाने खाजगी डॉक्टरकडे जाण्याची सोय कायद्याने विस्तारली. २०१८ च्या कायद्यानंतर त्यांनी जे निकष केले त्यांतला एक मला आपल्यासाठी फार उपयोगाचा वाटतो. साध्या उपचारासाठी घरापासून सरासरी तीस मिनिटांहून अधिक आणि तज्ज्ञासाठी साठ मिनिटांहून अधिक गाडीने जावे लागत असेल, तर माजी सैनिक बाहेरच्या डॉक्टरकडे जाण्यास पात्र ठरतो. तेथेही सारे आलबेल नाही, खर्च वाढल्याची ओरड आहेच. परंतु त्यांनी अंतर मैलांत न मोजता वेळात मोजले. आपल्याकडे केरीहून पणजीचे अंतर नकाशावर पाहणाऱ्याला ते किरकोळ वाटते. तीन बसगाड्या आणि एक म्हातारा मनुष्य नकाशावर दिसत नाहीत.

हे लागू करायला घटनादुरुस्ती लागत नाही. पेडणे आणि डिचोली येथे आठवड्यातून एक दिवस पॉलिक्लिनिकचा डॉक्टर व औषधाचा पेटारा घेऊन गाडी यावी, एवढ्याने निम्म्या खेपा वाचतील. फिरत्या पॉलिक्लिनिकाची कल्पना या योजनेला नवी नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२१ च्या मे महिन्यात 'सेहत' नावाने दूरचित्रसंवादाने डॉक्टरी सल्ल्याची सोय सुरू केली. ती चांगली आहे, पण सत्तरीच्या गृहस्थाला तो पडदा कोणी उघडून द्यायचा? आणि तालुक्याच्या सरकारी आरोग्य केंद्रातील डॉक्टरची चिठ्ठी शिफारसपत्र म्हणून मान्य झाली तर आणखी कितीतरी सुटेल. केंद्र आणि राज्य यांच्या दोन खात्यांनी एकमेकांच्या सहीवर विश्वास ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ च्या नोव्हेंबरात 'समान पद समान निवृत्तिवेतना'चा आदेश निघाला. तो प्रश्न त्याआधी कित्येक दशके अशक्य म्हणून बाजूला ठेवला गेला होता. त्यामानाने ही मागणी अगदीच लहान आहे.

आणखी एक व्यावहारिक सूचना, कारण श्रोत्यांत सत्तरीचे बरेच जण दिसतात. राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे, आणि केंद्राने २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरीवरील सर्वांना आयुष्मान योजनेत घेतले. कुटुंबात कोणी तरुण नातेवाईक उत्साहाने नवे कार्ड काढून आणतो. माजी सैनिकांनी येथे थांबून विचार करावा. आयुष्मानमध्ये त्यांना दोहोंपैकी एकच निवडावी लागते. तेथे वर्षाला पाच लाखांची मर्यादा आहे आणि ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. आपल्या योजनेत मर्यादा नाही आणि रोजची औषधेही येतात. रांग लहान दिसली म्हणून तिकडे जाऊ नका.

विधवांविषयी दोन शब्द. पतीच्या हयातीत कार्डे, पासबुके, आदेश सारे त्याच्या ट्रंकेत असते आणि पत्नीला त्या ट्रंकेची किल्लीदेखील ठाऊक नसते. तो गेल्यावर तिचे नाव निवृत्तिवेतनाच्या आदेशात एका प्रकारे, आधारपत्रावर दुसऱ्या प्रकारे आणि कार्डावर तिसऱ्या प्रकारे निघते. आमच्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. माहेरची द्रौपदी सासरी सुनंदा होते. रूढीने हौसेने दिलेले नाव साठ वर्षांनी तिच्या औषधाच्या आड येते. नाव दुरुस्त करायला शपथपत्र, राजपत्रातील जाहिरात, खेपा. हे काम पती हयात असताना एका सकाळी होऊ शकते. येथे बसलेल्या माजी सैनिकांना माझी विनंती आहे की, आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा, पत्नीला शेजारी बसवा, आणि तिन्ही कागदांवरचे तिचे नाव तिलाच मोठ्याने वाचायला सांगा.

या विद्यालयाच्या व्यवस्थापक मंडळाशी माझे बोलणे झाले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ ते बारा मुख्य इमारतीतील वाचनालयाची खोली उघडी राहील. निवृत्त शिक्षकांपैकी तिघांनी आणि माजी विद्यार्थ्यांतील एका निवृत्त सुभेदारांनी बसण्याचे मान्य केले आहे. अर्ज भरून देणे, इंग्रजी पत्राचा अर्थ सांगणे, ४८ तासांचा नियम आणि पॉलिक्लिनिकचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या मराठी अक्षरांत लिहून देणे, एवढे तेथे होईल. तो कागद घरी दरवाज्याच्या आतल्या बाजूस, दिनदर्शिकेशेजारी लावायचा आहे, ट्रंकेत ठेवायचा नाही. दहावीच्या वर्गातील मुलांनी अक्षर काढून देण्याचे कबूल केले आहे आणि पहिल्या पन्नास प्रती तयार आहेत. बाहेर पडताना दारापाशी त्या मिळतील. ज्यांच्या वाड्यावर कोणी माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा असेल त्यांनी एक जास्त घ्यावी.